लेकराला पोहण्यात पुढं न्यायचंय? आधी टँक मोजा

पहिलं काम अगदी साधं आहे. मूल रोज ज्या टँकमध्ये पोहतं, त्याची लांबी स्वतः मोजून घ्या. गवंड्याकडे तीस मीटरची टेप असते. ती आणा, टँकवाल्यांना विचारा आणि पाणी मोकळं असताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरा.

आम्ही हे केलं तेव्हा लेक बारा वर्षांची होती आणि सहा वर्षं पोहत होती. सांगली जिल्ह्यातला तो जुना टँक. सगळे त्याला पंचवीस मीटरचा म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. टेपवर आकडा आला २४ मीटर ३८ सेंटिमीटर. म्हणजे बरोबर ८० फूट. बांधणाऱ्यांनी तो फुटांच्या हिशेबानं बांधला होता, पुढं कुणीतरी ‘पंचवीस मीटर’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चालू राहिलं. लेक पन्नास मीटर म्हणून जे पोहायची ते खरं तर ४८ मीटर ७६ सेंटिमीटर होतं. सव्वा मीटर कमी. तिच्या तेव्हाच्या वेगाला सव्वा मीटर म्हणजे पाऊण ते एक सेकंद.

त्याच्या आदल्या वर्षी ती पुण्याला बालेवाडीच्या टँकमध्ये पहिल्यांदा पोहली होती. तो पुरा पन्नास मीटरचा. टायमिंग आमच्या वहीतल्यापेक्षा जवळजवळ दोन सेकंदांनी जास्त आलं. परतताना आम्ही दोघं नवराबायको तिला विचारत राहिलो, घाबरलीस का, दमलीस का, लक्ष कुठं होतं? ती गप्प बसली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. एक सेकंद आमच्या न मोजलेल्या टँकनं खाल्ला होता. दुसरा गेला टर्नमध्ये, कारण छोट्या टँकमध्ये पन्नास मीटरला मध्ये एक भिंत मिळते, तिला पाय मारून पुढं जाता येतं. मोठ्या टँकमध्ये ती भिंतच नसते.

म्हणून मी पोहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना जे काही सांगते, ते या टेपपासून सांगते. पोहण्यात मुलाची खरी ओळख म्हणजे त्याचं स्वतःचं टायमिंग. मेडल किती, शेजारच्या लेनमध्ये कोण, पेपरात नाव आलं का, हे सगळं त्याच्या मागून येतं. पण टायमिंग खरं असायला हवं, आणि ते लिहून ठेवायला हवं.

वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये ठेवलं तरी चालतं, पण वही टँकच्या कट्ट्यावर उघडता येते आणि मूल स्वतः तिच्यात लिहू शकतं. दहा वर्षांचं झालं की लिहायचं काम त्याच्याकडेच द्या.

प्रत्येक नोंदीत इतकं हवंच: तारीख, टँक कुठला, २५ चा की ५० चा, घड्याळ हातातलं की इलेक्ट्रॉनिक, प्रकार आणि अंतर, टायमिंग. हातातल्या घड्याळाची नोंद वेगळी ठेवा. शिट्टी ऐकून बोट दाबायला वेळ लागतो, त्यामुळे हातानं लावलेलं टायमिंग खऱ्यापेक्षा दोन-तीन दशांश सेकंद कमी दिसतं. गावच्या स्पर्धेतलं हातघड्याळाचं टायमिंग आणि राज्य स्पर्धेतलं टचपॅडचं (भिंतीवरची पाटी, हात लागला की घड्याळ थांबतं) टायमिंग एकाच रांगेत लिहिलं की मूल मागं गेल्यासारखं वाटतं. आईबाप खचतात, पोरही खचतं. २५ आणि ५० च्या टँकचंही तसंच, दोन वेगळी पानं करा.

यानंतर टप्पे. शंभर मीटरच्या पुढच्या प्रत्येक रेसमध्ये दर पन्नासला किती लागले ते टिपा. माझ्या वहीतली दोन पानं सांगते, दोन्ही २०० मीटर फ्रीची (फ्रीस्टाइल), दोन्ही मोठ्या टँकमधली.

पहिल्या पानावर: ३४.२, ३८.६, ४०.१, ३८.५. एकूण २ मिनिटं ३१.४.

चार महिन्यांनंतर: ३५.८, ३७.९, ३८.२, ३७.१. एकूण २ मिनिटं २९.

पहिलं पन्नास तिनं मुद्दाम दीड सेकंदानं सावकाश काढलं आणि शेवटी जवळजवळ अडीच सेकंद वाचले. पहिल्या पानावरचा तो ४०.१ बघा. पहिल्या पन्नासला जोरात सुटली आणि तिसऱ्यात हात जड झाले. एकूण टायमिंग बघितलं असतं तर सरांनी म्हटलं असतं, स्टॅमिना वाढव. टप्पे बघितल्यावर कळलं की स्टॅमिना ठीक आहे, सुरुवात आवरायला हवी. त्या चार महिन्यांत तिचा सराव एका मीटरनंही वाढला नव्हता.

आणि स्ट्रोक मोजायला शिकवा. एका लांबीला हात किती पडतात, ते. आठवड्यातून एकदा, निवांत वेगानं. वय वाढतं, उंची वाढते, तसा हा आकडा कमी व्हायला हवा. वेग तोच आणि हात जास्त पडायला लागले, तर कोपर खाली पडतंय किंवा मूल थकलंय. मला याचं मोल कळलं ते मायकेल फेल्प्सच्या २००८ च्या बीजिंगमधल्या २०० मीटर फ्लायच्या (बटरफ्लाय) रेसमुळे. त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं होतं, भिंत दिसत नव्हती. एका लांबीला आपले स्ट्रोक किती पडतात ते त्याला पाठ होतं. ते मोजत तो पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून बाहेर आला. ते गोल्ड सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मी माझ्या लेकीला मोजणं लक्षात ठेव म्हणून सांगितलं. पुढं दोन वर्षांनी एका विभागीय स्पर्धेत डाइव्ह मारताच तिचा गॉगल कपाळावर गेला. तिनं डोळे मिटून हात मोजले आणि टर्न बरोबर घेतला.

कोच बघताना

नाव ऐकून जाऊ नका. एक आठवडा टँकच्या कट्ट्यावर बसा. पहिल्या लेनमधली मेडलवाली पोरं बघू नका, ती सगळीकडे छान पोहतात. शेवटच्या लेनकडे बघा. तिथल्या सर्वांत हळू पोराला सर कधी काही सांगतात का? की ते पोर तासभर पाणी कापून घरी जातं?

सेट, म्हणजे सरावाचा एकेक भाग, कसा देतात ते ऐका. ‘पन्नासचे दहा, एक मिनिट दहाला’ असं म्हणणारा कोच घड्याळावर काम करतो. म्हणजे दर एक मिनिट दहा सेकंदांनी पुढचं पन्नास सुरू, लवकर पोहून आलात तर तेवढी विश्रांती जास्त. ‘चला, वीस लॅप मारा’ एवढंच रोज चालत असेल तर दमणूक होते, शिकणं होत नाही. आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कोच फक्त एकच प्रकार पोहायला लावत असेल, कारण त्यात त्याला जिल्ह्याचं मेडल मिळतं, तर सावध व्हा. त्या वयात चारही प्रकार हवेत: फ्री, बॅक (पाठीवर), ब्रेस्ट (छातीवर) आणि फ्लाय. आमची लेक अकराव्या वर्षापर्यंत बॅकवाली म्हणून ओळखली जायची. पुढं तिनं सगळं मिळवलं ते ब्रेस्टमध्ये.

मुलींच्या आयांना एक गोष्ट स्पष्ट सांगते, संकोच न करता. कपडे बदलायची खोली बघून या. कडी आहे का, कुणी बाई तिथं असते का? बाहेरगावी टीम जाते तेव्हा सोबत महिला व्यवस्थापक असतात का, मुली कुठं झोपतात, हे तोंडावर विचारा. कोचनं मुलीला रात्री खाजगी मेसेज करायचे नाहीत, जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर, हा नियम पहिल्या दिवशी ठरवून घ्या. चांगला कोच याचा राग धरत नाही. आमच्या सरांनी तर तो नियम आमच्याआधी स्वतःच सांगितला होता.

टर्न आणि टच

शिकताना पालकांचं सगळं लक्ष हात-पायांवर असतं आणि भिंतीकडे कुणी बघत नाही. पन्नासच्या टँकमध्ये २०० मीटरला तीन टर्न, १५०० ला एकोणतीस. प्रत्येक टर्नला चार दशांश वाचले तर २०० मध्येच सव्वा सेकंद होतो. सव्वा सेकंद पोहून कमी करायला पोराला सहा महिने लागतात. म्हणून रोज सरावाच्या शेवटी, दमलेलं असताना, दहा टर्न. भिंतीच्या पाच मीटर आधीपासून पाच मीटर नंतरपर्यंत घड्याळ लावा आणि तेही वहीत घाला. टर्ननंतर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची लाथ) मारता येतात, पण फ्री, बॅक आणि फ्लायमध्ये पंधरा मीटरपर्यंत डोकं वर यायलाच हवं.

ब्रेस्ट आणि फ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. हे लहान मुलांना पाठ असतं, पण थकल्यावर विसरतात. तेराव्या वर्षी राज्य स्पर्धेत माझी लेक २०० ब्रेस्टमध्ये दुसरी आली. बोर्डावर नाव यायच्या आधी डिस्क्वालिफाय झाल्याचं कळलं. तिसऱ्या टर्नला डावा हात आधी लागला होता. मी पंचांशी वाद घालायला निघाले होते. लेकीनंच माझा हात धरला आणि म्हणाली, ‘आई, लागला होता गं आधी. मला कळलं होतं.’ त्या दिवसापासून सरावात, अगदी वॉर्मअपमध्येसुद्धा, एका हातानं भिंत धरायची नाही असं तिनं स्वतःला बांधून घेतलं. तुम्हीही तेच लावून घ्या. सरावात जे हात करतात तेच रेसमध्ये करतात.

बारा ते सोळा

सगळ्यात जास्त मुलं इथं पोहणं सोडतात, आणि बहुतेकदा घरच्यांच्या घाईमुळे.

वयोगटाचं आधी समजून घ्या. राष्ट्रीय पातळीवरच्या गटांसाठी वय वर्षअखेरीला किती होतं ते धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच गटात. त्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंची आणि दुप्पट ताकद असू शकते. माझी लेक डिसेंबरची. बाराव्या वर्षी ती शेजारच्या लेनमधल्या मुलींच्या खांद्याला लागायची. मेडल बघत बसले असते तर मी तेव्हाच तिला टँकमधून काढली असती. वहीत मात्र तिच्या टायमिंगची रेघ सरळ खाली उतरत होती, दर तीन महिन्यांनी थोडी थोडी. सोळाव्या वर्षी उंचीचा फरक संपला आणि त्यातल्या दोघी तिच्या मागं राहिल्या.

इथं एक हात जोडून विनंती. काही घरी जन्मदाखल्यात वय कमी करायचे उद्योग चालतात. करू नका. त्या पोराला आयुष्यभर माहीत असतं की आपलं पहिलं मेडल खोटं आहे.

मुलींचं टायमिंग साधारण तेरा-चौदाला थांबतं, कधी कधी मागंही जातं. अंग बदलतं, वजन बदलतं, पाण्यात शरीर वेगळं तरंगायला लागतं. आमच्याकडे हे चौदा महिने चाललं. चौदा महिने वहीत एकही नवं बेस्ट नाही. त्या काळात करायचं ते इतकंच: टर्न सुधारा, स्ट्रोक मोजा, आणि ‘काय झालंय तुला?’ हे विचारू नका. सरांशी बोला, मुलीसमोर चर्चा करू नका.

पाळीबद्दल घरात मोकळेपणानं बोला, वडिलांसमोरसुद्धा. पाळी रेसच्या दिवशी येणारच, कधी ना कधी. कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येतं. ते वापरायचं की त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, हे मुलीनं ठरवायचं. पण मार्ग आहे हे तिला आधी माहीत हवं, स्पर्धेच्या सकाळी बाथरूममध्ये रडत शिकायला लागू नये. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. माझी लेक दोन महिने ‘आळशी’ झाली होती. रक्त तपासल्यावर आळस नव्हता हे कळलं, आणि त्या दोन महिन्यांत तिला जे बोलले ते मला अजून टोचतं.

खांद्याकडे लक्ष ठेवा. सरावानंतर अंग ठणकणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं. हात डोक्यावर नेताना एका ठराविक जागी कळ येत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर सराव थांबवून डॉक्टरकडे. ‘थोडं सहन कर’ म्हणू नका.

खाण्याचं फार अवघड करू नका. पहाटे पाचला रिकाम्या पोटी पाठवू नका, एक केळं आणि दोन खजूर पुरतात. बाहेर आल्यावर पाऊण तासाच्या आत पोटभर, आमच्याकडे नाचणीची भाकरी, उसळ, दूध किंवा अंडी. डब्यात शेंगदाण्याची चिक्की. आणि पाणी! टँकमध्येही घाम येतो, फक्त दिसत नाही. कट्ट्यावर बाटली हवीच. टँकमध्ये उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं पूर्ण ओले करा, मग क्लोरीनचं पाणी केसांत कमी मुरतं. पोशाख साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. गॉगलच्या आतल्या काचेला बोट लावू देऊ नका, धुकं धरतं. महागडे रेसिंग सूट चौदाच्या आत घेऊ नका, अंग वाढतंय.

वीरधवलकडे बघून काय शिकायचं

आमच्या भागात पोहणाऱ्या प्रत्येक घरात वीरधवल खाडेचं नाव निघतं. कोल्हापूरचा मुलगा, २९ ऑगस्ट १९९१ चा जन्म. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५०, १०० आणि २०० फ्री पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता, सतरावा वाढदिवस ऑलिम्पिक संपल्यावर पाच दिवसांनी आला. लोक इथंच थांबतात आणि आपल्या तेरा वर्षांच्या पोराला म्हणतात, बघ, तीन वर्षं राहिली. मला वाटतं त्याची पुढची पंधरा वर्षं बघायला हवीत.

सरावासाठी तो बंगळुरूला कोच निहार अमीन यांच्याकडे गेला. म्हणजे घर सोडलं. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्लायमध्ये ब्राँझ, २४.३१ सेकंद. खजान सिंग यांनी १९८६ ला सोलमध्ये २०० फ्लायचं रौप्य मिळवलं होतं, त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात आशियाई पदक. पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या: ज्या रेसमध्ये त्याला पदक मिळालं, ती ऑलिम्पिकमध्ये तेव्हा नव्हतीच. पन्नास मीटरचं फ्लाय, बॅक आणि ब्रेस्ट ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा येणार ते २०२८ च्या लॉस एंजेलिसला. मुलाचं अंतर ठरवताना ते कुठल्या स्पर्धेत आहे आणि कुठल्या नाही, हेही बघावं लागतं. पन्नासवाल्या मुलानं शंभर सोडू नये, हे आम्हाला सर कायम सांगायचे ते यासाठीच.

मग महाराष्ट्र शासनाची नोकरी, तहसीलदार म्हणून. पाण्यापासून दूर गेलेली वर्षं. आणि तरी २०१८ ला तो परत जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत होता, सत्ताविसाव्या वर्षात. सकाळी ५० फ्रीच्या हीटमध्ये (फायनलआधीच्या फेरीत) २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला. संध्याकाळी फायनलमध्ये २२.४७. ब्राँझ गेलं २२.४६ ला. एक शतांश सेकंद. सकाळचंच टायमिंग संध्याकाळी आलं असतं तर पदक त्याचं होतं. ही रेस मी लेकीसोबत चार-पाच वेळा बघितली असेल. शतांश म्हणजे बोटाचं पेर. भिंतीला टच करताना हात पूर्ण लांब होता की शेवटचा अर्धा स्ट्रोक घ्यावा लागला, एवढंच. म्हणून आमच्याकडे सरावात प्रत्येक शेवटचा टच बोटं ताणून, मान खाली ठेवून. शेवटच्या पाच मीटरला श्वास नाही.

२०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० फ्रीचं गोल्ड घेतलं, त्याची बायको रुजुता खाडे हिनं महिलांमधलं ५० फ्रीचं घेतलं, आणि तो निवृत्त झाला. बत्तीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक आणि बत्तिसाव्या वर्षी राष्ट्रीय सुवर्ण, मध्ये नोकरी, खंड, पुनरागमन. तेरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी हे डोळ्यांसमोर ठेवलं तर पुष्कळ घाई कमी होईल.

साजन प्रकाशचंही सांगते. जून २०२१, रोम. ऑलिम्पिकची थेट पात्रता मिळवणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. २०० फ्लायला पात्रतेची वेळ होती १ मिनिट ५६.४८, तो आला १ मिनिट ५६.३८ ला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा. त्याच स्पर्धेत श्रीहरी नटराज १०० बॅकमध्ये ५३.७७ ला आला, पात्रता ५३.८५. दोघांच्याही हातात दशांशाएवढीच जागा होती.

आणि आमच्या जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर पोहण्याकडे वळले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीचं सुवर्ण, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. घरात अपंग मूल असेल आणि त्याला पाण्याची ओढ असेल, तर ‘याला कशाला’ म्हणू नका. कोचला विचारा, पॅरा स्पर्धांचे वर्ग कसे ठरतात ते समजून घ्या.

कागद

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील, जिल्ह्यापासून विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा. जलतरण संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या, त्यासाठी स्विमिंग फेडरेशनची नोंदणी लागते. ती आधीच करून ठेवा, प्रवेशिका भरायच्या शेवटच्या दिवशी नाही. सगळ्या प्रमाणपत्रांची एक फाइल, स्कॅन करून दोन ठिकाणी. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढं नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांना हेच कागद लागतात. प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः एक हवं. आमच्या एका प्रमाणपत्रात आडनावाची वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करायला आठ महिने गेले. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या निवडीत मूल आलं तर महिन्याला दहा हजार रुपये खर्चासाठी मिळतात, त्याचीही चौकशी ठेवा.

दहावीच्या वर्षी पोहणं बंद करू नका, कमी करा. आठवड्यातून सहा दिवसांचे चार. पूर्ण वर्ष थांबलेलं मूल परत येतं तेव्हा पाणी अनोळखी झालेलं असतं आणि त्याच्यासोबतचे पुढं गेलेले असतात. माझी लेक चार दिवसांवर आली, दहावी नीट झाली, आणि मग अकरावीला ती स्वतःच म्हणाली की पुण्याला राहून पोहायचं. आम्ही त्या रात्री वही काढून बसलो. दोन वर्षांची रेघ बघितली. ती अजून खाली उतरत होती, म्हणून पाठवलं. उतरत नसती तर नसतं पाठवलं, हेही तिला सांगितलं होतं. ती दोनदा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली. फायनलला एकदा. ऑलिम्पिकला नाही गेली. आज ती बावीस वर्षांची आहे, आणि रविवारी सकाळी अजून पोहते.

स्पर्धेचा दिवस

मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे कोच अंतर कमी करतो, वेग तसाच ठेवतो. पोर घरी आल्यावर अस्वस्थ होतं, उड्या मारतं, म्हणतं मी आळशी झालोय. होऊ द्या. ती ताकद साठतेय. जास्त सराव मागू नका.

पिशवीत दोन गॉगल, दोन टोप्या, दोन टॉवेल, जास्तीचा पोशाख, स्वेटर. उन्हाळ्यातही स्वेटर, कारण हीट आणि फायनलच्या मध्ये ओल्या अंगानं बसलं की स्नायू आखडतात. घरचं जेवण. नवीन काही खायला द्यायची ही वेळ नव्हे. हीटनंतर दहा मिनिटं हळू पोहून अंग सैल करायला सांगा, ते बहुतेक मुलं टाळतात.

तुम्ही गॅलरीत बसा. कॉल रूमच्या (रेसआधी मुलांना बसवतात ती खोली) दारात जाऊन सूचना देऊ नका, तिथं कोच आहे. स्टॉपवॉच लावा, टप्पे टिपा, पण कागद पर्समध्ये ठेवा.

आणि परतीच्या गाडीत रेसबद्दल एक शब्द बोलू नका. टायमिंग चांगलं आलं तरी नाही, वाईट आलं तरी नाही. बालेवाडीहून आम्ही परत आलो तेव्हा ती रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती, आणि मी कऱ्हाडपर्यंत प्रश्न विचारत होते. ती दुपार मला परत मिळाली तर मी फक्त एवढंच विचारेन, भूक लागली का? काय खायचं? ती स्वतः बोलली तर ऐका. नाही बोलली तर गाणी लावा.

वही रात्री काढा. आधी टायमिंग, मग टप्पे, मग स्ट्रोक किती पडले, टँक कुठला, घड्याळ कुठलं. खाली एक ओळ तिला स्वतः लिहू द्या, तिला रेस कशी वाटली त्याबद्दल. ती ओळ तिच्यासमोर वाचू नका.